कांद्याची पात, लीक, चाइव्ह्ज, शॅलट: ओळखायचे कसे आणि घालायचे कशात

परदेशी पदार्थाच्या रेसिपीत ‘स्कॅलियन’ लिहिलेले असते. सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये ‘स्प्रिंग अनियन’ अशी चिठ्ठी लावलेली जुडी असते, तिच्या शेजारी मनगटाएवढे जाड लीक आणि प्लास्टिकच्या डबीत चाइव्ह्जच्या बारीक काड्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जावे, तर भाजीवालीच्या पुढ्यात पातीच्या कांद्याच्या जुड्या रचलेल्या. घरात कोणी नवा पदार्थ करायला घेतला की यातले नेमके काय आणायचे, यावर गाडी अडते. मग भीतीपोटी महागातली डबी उचलली जाते आणि साध्या जुडीने भागणारे काम खर्चिक होऊन बसते.

आधी कामापुरते उत्तर देते. स्कॅलियन, ग्रीन अनियन, स्प्रिंग अनियन यांपैकी काहीही लिहिलेले असो, बाजारातला पातीचा कांदा बिनधास्त घ्या. लीक, चाइव्ह्ज आणि शॅलट मात्र खरोखर वेगळे आहेत आणि त्यांच्या जागी पात घालायची तर थोडा विचार करावा लागतो.

नावांचा घोळ देशागणिक बदलतो. अमेरिकेत ज्याला स्कॅलियन किंवा ग्रीन अनियन म्हणतात, त्यालाच ब्रिटनमध्ये स्प्रिंग अनियन म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत, विशेषतः सिडनीकडे, त्यालाच शॅलट म्हणायची पद्धत आहे. तेव्हा ऑस्ट्रेलियन रेसिपीत ‘शॅलट चिरून वरून पेरा’ असे वाचले आणि तुम्ही लालसर छोटे कच्चे कांदे चिरून पेरलेत, तर पदार्थ उगाच उग्र होईल. नावावर विसंबू नये, रोपाकडे बघावे, हे मी आग्रहाने सांगते. रोप फसवत नाही.

ही सगळी मंडळी एकाच कुळातली. वनस्पतिशास्त्रात या कुळाला अॅलियम म्हणतात. आपला नेहमीचा कांदा म्हणजे अॅलियम सेपा. लसूण त्याच कुळातला, लीक आणि चाइव्ह्जही त्याच कुळातले, पण प्रत्येकाची जात वेगळी. पातीचा कांदा म्हणून मात्र दोन वेगळ्या जातींची रोपे बाजारात येऊ शकतात.

पहिली म्हणजे आपल्या नेहमीच्या कांद्याचेच कोवळे रोप. गोव्यात पावसाळी भात कापले की बऱ्याच शेतकऱ्यांच्या जमिनीत भाजीपाल्याचा हंगाम सुरू होतो. मिरची, अळसांदे, तांबडी भाजी यांच्याबरोबर कांद्याची रोपेही लागतात. कांद्याचा गड्डा म्हणजे पानांचे फुगलेले बूड. ते फुगायला दिवस पुरेसा मोठा व्हावा लागतो आणि हवेत ऊबही लागते. आपल्याकडच्या जातींना साधारण 11-12 तासांचा दिवस पुरतो. त्याआधी रोप उपटले तर खाली सरळ पांढरी काडी मिळते, गड्डा नाहीच. थोडे उशिरा उपटले तर सुपारीएवढा गोल गड्डा असतो. आणि शेतातच राहू दिले तर उन्हाळ्यात पूर्ण कांदा होतो, पात वाळते आणि तिचीच वेणी घालून माळ बांधतात. मे महिन्यात पुरुमेंताच्या फेस्तात पावसाळ्याची बेगमी म्हणून आपण ज्या माळा घेतो, त्या याच रोपाचे शेवटचे रूप.

जुडी घेताना म्हणूनच बुडाकडे आधी बघा. सरळ काडीचा, गड्डा न धरलेला कांदा सौम्य असतो. तो कच्चा चांगला लागतो. सुपारीएवढा गड्डा असलेला जास्त तिखट असतो, त्याला थोडा वेळ तव्यावर किंवा कढईत द्यावा. काटेकोर बोलणारे दुकानदार पहिल्याला स्कॅलियन आणि दुसऱ्याला स्प्रिंग अनियन म्हणतात. रोजच्या स्वयंपाकात एवढा फरक लक्षात असला की पुरे.

दुसरी जात अॅलियम फिस्टुलोसम. हिला इंग्रजीत वेल्श अनियन किंवा बंचिंग अनियन म्हणतात. वेल्सशी तिचा काही संबंध नाही, ती मूळची चीनकडची. जपानी जेवणात ‘नेगी’ नावाचा जो लांब पांढऱ्या दांड्याचा कांदा दिसतो, तो हाच. याला कधीच खरा गड्डा धरत नाही. कितीही दिवस शेतात ठेवला तरी बूड जेमतेम जाड होते, एवढेच. बुंध्याशी मातीची भर घालत गेले की झाकलेला भाग पांढरा राहतो आणि दांडा लांब होतो.

या दोन जाती कोवळ्या असताना एकीच्या जागी दुसरी खुशाल वापरा, चवीत मोठा फरक पडत नाही. पण ओळखायच्याच असतील तर एक सोपी खूण आहे आणि ती मला फार आवडते. मधले एक पान घ्या आणि कात्रीने आडवे कापा. कापलेल्या तोंडाकडे बघा. नेहमीच्या कांद्याचे पान आतून पोकळ असते, पण त्याची एक बाजू किंचित चपटी असते, म्हणजे भोक अर्धगोल दिसते. बोटांत फिरवले की ती चपटी बाजू लगेच जाणवते. फिस्टुलोसमचे पान मात्र सगळीकडून सारखे गोल, भोकही गोल. जुडी दोरीने आवळून बांधलेली असेल तर बाहेरची पाने दबलेली असतात, म्हणून मधलेच पान घ्यायचे.

पान कापून बघण्याची ही सवय पुढच्या सगळ्या ओळखींना उपयोगी पडते. पान पोकळ असेल तर कांदा किंवा चाइव्ह्ज. पान चपटे आणि भरीव असेल तर लसूण, लीक किंवा लसणाच्या वासाची चाइव्ह्ज. अर्धी वाटणी इथेच होते.

चपट्या पानांमध्ये लसणाची पात सगळ्यांना ओळखू येते. पान मधोमध दुमडल्यासारखे, वास तर जुडी हातात घेण्याआधीच येतो. ती कांद्याच्या पातीऐवजी वापरायची चूक सहसा होत नाही. चटणीला, थालीपिठाला, फोडणीच्या भाताला ती उत्तम, पण प्रमाण निम्मे ठेवा.

लीकचे पानही चपटे, पण फार रुंद. पानांची बुडे एकात एक गुंडाळून खाली जाड पांढरा दांडा तयार झालेला असतो. गड्डा नाही. बाहेरून हे कांद्याच्या पातीचे थोरले भावंड वाटते आणि तिथेच गफलत होते. पात दोन मिनिटांत शिजते, लीकला वेळ लागतो. कच्चे लीक चिवट लागते. मंद आचेवर लोण्यात किंवा तेलात झाकण ठेवून 10-15 मिनिटे मऊ होऊ दिले की त्याला गोडसर, तुपकट चव येते आणि ती कांद्याला येत नाही. बटाट्याबरोबरचे लीकचे सूप म्हणूनच इतके लोकप्रिय आहे. वरची गडद हिरवी पाने राठ असतात, ती भाजीत घालू नका. माशाच्या किंवा कोंबडीच्या रश्श्यासाठी पाणी उकळताना टाकावीत आणि नंतर काढून घ्यावीत.

लीक धुताना आळस चालत नाही. वाढताना बुंध्याला मातीची भर घालतात, त्यामुळे ती माती थेट पानांच्या घड्यांत शिरते. नुसते नळाखाली धरून ती जात नाही. मूळ न कापता दांडा उभा चिरा, पुस्तकाची पाने उलगडावीत तशी घडी उघडा आणि वाहत्या पाण्यात प्रत्येक पदर चोळा. वाळू दाताखाली आली की सगळे सूप वाया जाते.

चाइव्ह्ज म्हणजे गवतासारख्या बारीक, पोकळ काड्या. गड्डा म्हणावा असे काही हाती लागत नाही, फक्त काड्याच विकतात. त्यांचा सुवास उष्णतेने पटकन उडतो. म्हणून ऑम्लेट ताटात उतरल्यावर, उकडलेल्या बटाट्यावर, घट्ट दह्यात, अशा जागी कच्च्याच घालायच्या. कढईत टाकल्या तर पैसे गेले. घरी नसतील तर पातीच्या कांद्याची सगळ्यात कोवळी, आतली हिरवी पाने अगदी बारीक चिरून घ्या, प्रमाण थोडे कमी ठेवा. सजावटीत फरक दिसेल, चवीत फार नाही. मी तर घरी चाइव्ह्ज विकत आणतच नाही.

लसणाच्या वासाच्या चाइव्ह्ज वेगळ्या. पान चपटे, भरीव, गवताच्या पात्यासारखे, आणि वास सौम्य लसणाचा. चिनी डंपलिंगच्या सारणात त्या भरपूर लागतात. आपल्या देशात मणिपुरी स्वयंपाकात त्यांना मानाचे स्थान आहे, तिकडे त्यांना मरोई नाकुप्पी म्हणतात. या मात्र शिजवल्यावरही चव टिकवतात. त्यांच्या जागी कांद्याची पात आणि लसणाची थोडी पात मिसळून घेतली तर काम चांगले होते.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. पावसाळ्यात आपल्या अंगणात, कुंड्यांत पावसाळी लिलीची पांढरी, गुलाबी फुले उमलतात. तिची पाने अरुंद, हिरवीगार, खाली छोटा कंद. फुले नसताना ती चाइव्ह्जसारखी दिसते आणि ती विषारी आहे. ओळख एकच: पान चुरगाळा. कांद्या-लसणाचा वास आला नाही, तर ते या कुळातले नाही आणि खायचे नाही. वास बघताना हात धुतलेले असावेत. आधी कांदा चिरला असेल तर बोटांनाच वास असतो आणि परीक्षा खोटी ठरते. परसातून मुले काही तोडून आणत असतील तर हे त्यांनाही शिकवा.

राहिले शॅलट. हे कोवळे कांदे नाहीत, पूर्ण वाढलेलेच आहेत, फक्त आकाराने छोटे. तरी यांची गल्लत होते म्हणून दोन शब्द. शॅलट हा कांद्याच्याच जातीतला, पण झुबक्याने वाढणारा प्रकार आहे. एक लावला की त्याचे अनेक होतात. सोलल्यावर आत दोन-तीन पाकळ्या वेगळ्या निघतात. दक्षिणेकडे सांबाराला लागणारे छोटे कांदे याच गटातले, त्यामुळे युरोपीय रेसिपीतल्या शॅलटच्या जागी तेच वापरावेत. मोठा कांदा घालायचाच असेल तर कमी घाला आणि अगदी बारीक चिरा. केवळ आकाराने छोटा असलेला प्रत्येक कांदा शॅलट नसतो. सोलून बघा, आतून एकसंध गोल निघाला तर तो साधा कांदाच.

आता चवीचे कारण, कारण ते कळले की बदल करताना चुकत नाही. अख्ख्या कांद्याला फारसा वास नसतो. त्याच्या पेशींत गंधकाची संयुगे एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात. सुरी चालली की कप्पे फुटतात, दोन्ही भेटतात आणि तिखट, उडून जाणारी द्रव्ये तयार होतात. डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य बनवायला आणखी एक वेगळे विकर लागते, त्याचा शोध जपानी शास्त्रज्ञांनी 2002 साली जाहीर केला. लसणात ही साखळी वेगळ्या वाटेने जाते, म्हणून लसूण झोंबतो पण रडवत नाही. या कुळातल्या प्रत्येकाचा वास वेगळा का, तर त्या मूळ गंधकसंयुगांचे प्रमाण प्रत्येकात वेगळे. कोवळ्या कांद्यात पाणी जास्त, साठवण कमी, म्हणून तो सौम्य. आणि एकाच रोपात पांढरा भाग हिरव्या पातीपेक्षा तिखट.

म्हणून पातीचा कांदा ही माझ्या लेखी एका जुडीत मिळणारी दोन वेगळी जिन्नसे आहेत. पांढरा भाग कांद्यासारखा वागवायचा, तेलात आधी. हिरवा भाग कोथिंबीर आणि पालेभाजी यांच्या मधला, सगळ्यात शेवटी. दोन्ही एकदम कढईत ढकलले की हिरवे काळपटते आणि पांढरे कच्चे राहते. जत्रेतल्या चिनी पदार्थांच्या गाड्यावर बघा, पांढरे तुकडे पेटत्या कढईत आले-लसणाबरोबर जातात आणि हिरवी पात ताटलीत वाढताना मुठीने वर पडते. त्यांचे बरोबर आहे.

आमच्याकडे थंडीत पातीची भाजी होते ती अशी. पांढरे भाग वेगळे चिरून तेलात मोहरी, हिरवी मिरची आणि हळदीवर परतायचे. मूठभर गालमो, म्हणजे सुका जवळा, आधी कोरडाच भाजून बाजूला ठेवलेला असतो, तो घालायचा. मग चिरलेली हिरवी पात, मीठ आणि वर ओले खोबरे. झाकण ठेवायचे नाही. पात आक्रसून चमकायला लागली, देठ दाबल्यावर अजून किंचित कुरकुरीत आहे, एवढ्यात आच बंद. शिवराक, म्हणजे कांदा-लसूण आणि मासळी नसलेले जेवण, हवे असेल त्या दिवशी ही भाजी होणारच नाही, हे उघड आहे, पण त्या दिवशी हॉटेलात लीकचे सूप किंवा चाइव्ह्ज पेरलेला बटाटा मागवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की ते कांद्याच्याच कुळातले आहे.

झाकण का नाही, तर भाजीतली आम्ले वाफेबरोबर उडून जायला हवीत. झाकली तर ती परत कढईत ठिबकतात आणि हिरव्या रंगद्रव्यातले मॅग्नेशियम निसटून पात शेवाळी रंगाची होते. जास्त वेळ शिजवले तरी तेच. आंबट घातले की हे आणखी लवकर होते. म्हणून सुंगटांच्या (कोळंबीच्या) आमटीत सोलां (आमसुले) घालून ती उकळत असेल, तर पात त्यात शिजवू नका. आच बंद केल्यावर वरून घाला. पीठ पेरून भाजी करणाऱ्यांनी मीठ उशिरा घालावे. आधी घातले तर पाणी सुटते आणि बेसनाचे गोळे होतात.

जुडी निवडताना पाने ताठ, टोके हिरवी, मुळे पांढरी असावीत. मधून एखादा जाड, गोल, आतून पोकळ दांडा वर आलेला आणि टोकाशी कळी दिसली तर तो फुलाचा दांडा, शेतकरी त्याला डेंगळा म्हणतात. कळी मिटलेली आणि दांडा नखाने सहज तुटत असेल तर चिरून भाजीत घाला. राठ असेल तर टाका. अशा जुडीतले बाकीचे कांदेही थोडे निबर असतात.

दोन गोष्टींनी लोक उगाच घाबरतात. पानांवर निळसर पांढरी साय असते, बोटाने पुसली जाते. ती फवारणीची पूड नव्हे, पानाचे स्वतःचे मेण आहे, पाण्यापासून आणि उन्हापासून राखणारे. तरी जुडी धुवायची ती धुवायचीच. दुसरे म्हणजे पान चिरल्यावर पोकळीतून ओघळणारा पारदर्शक चिकट द्रव. तोही नैसर्गिक, खायला चांगला, जपानी लोकांना तर नेगीतला तो आवडतो. पान बाहेरून बुळबुळीत झाले, पिवळे पडले आणि घाण वास यायला लागला, की मात्र ते सडलेले.

घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर या कुळातले काहीही त्यांच्या ताटात जाऊ देऊ नका. कांदा, लसूण, लीक, चाइव्ह्ज, सगळे त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक आहे, शिजवलेले असले तरी.

आपल्या दमट हवेत जुडी बाहेर फार टिकत नाही. आणल्या आणल्या दोरी किंवा रबर सोडा, आवळलेल्या जागी ती आधी सडते. धुऊ नका. कोरड्या कागदात किंवा सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस जाते. दोन दिवसांत संपणार असेल तर मुळे बुडतील एवढ्या पाण्यात पेल्यात उभी करून खिडकीत ठेवली तरी चालते, पाणी रोज बदलायचे.

आणि मुळे फेकू नका. मुळाला लागून दोन बोटे पांढरा भाग ठेवून कापा आणि कुंडीत रोवा. आठवडाभरात नवी पात येते. दोन-तीन कापण्या चांगल्या मिळतात, पुढे पाने बारीक आणि फिकी होत जातात, तेव्हा उपटून नवी लावा. पावसाळ्यात माळेतल्या कांद्यांना कोंब फुटतात ना, त्यांचीही पात खाता येते. फक्त कांदा मऊ पडलेला असतो. तो सडलेला नाही एवढे पाहून आधी संपवा आणि कोंब चिरून डाळीवर घाला.